जावईबापूंच्या दुरुस्त्या

११ मार्च

जावईबापू,

आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देते. लागला तर लागला, नाहीतर परत पाठवा, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

आधी अभिनंदन. पेपरात फोटो पाहिला. टाय शोभतो. कपाळावरची पट्टी काढून फोटो काढला असता तर टाकेही दिसले असते. पेपरवाल्याने लिहिलंय, ‘शोधाच्या आनंदात धावपळ करताना शास्त्रज्ञाचं डोकं प्रयोगशाळेत आपटलं.’ माझ्या खलबत्त्यातल्या बत्त्याला आता प्रयोगशाळा म्हणत असतील तर माझी काही हरकत नाही.

तुमची बायको, म्हणजे माझी पोर, इथे माझ्या मागच्या खोलीत आहे. जबडा दोन ठिकाणी मोडलाय. वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधून टाकलेत. दूध नळीने पिते, बोलायचं ते भिंगरीच्या पाटीवर लिहून दाखवते. हाड भरून यावं म्हणून डॉक्टरांनी कॅल्शिअमच्या गोळ्या दिल्यात. ते ऐकून मला हसूच फुटलं. डॉक्टर बघतच राहिले. आता त्यांना काय सांगू, की आमचे जावईबापू कॅल्शिअमनेच मोठे झाले! पेपरात सगळं आलंय. मशीनमधून कॅल्शिअमचे कण सोडायचे, ते एका जड धातूवर इतक्या जोरात आपटायचे की दोघं एकजीव होऊन तिसराच धातू तयार व्हावा, जो जगात कुठल्याच खाणीत नाही. बहुतेक वेळा नुसते तुकडे उडतात म्हणे. जोरात आपटलं की दोन जीव एक होतात, हा प्रयोग तुम्ही घरीही करून पाहिलात. निकाल मागच्या खोलीत पडलाय.

मला कळलं ते असं. तुमचा नवा धातू जगातला सगळ्यात जड, म्हणजे मूठभर उचलायचा तरी हमाल लागेल. आणि जगतो पापणी लवेपर्यंत. चुकलं असेल तर सांगा, मी गावच्या शाळेत चार बुकं शिकलेली बाई.

आता कामाचं. काल कोर्टाचा कागद आला. तुम्हाला भिंगरी हवी. आईला धड बोलता येत नाही, आजी मारकुटी आहे, आणि बाप जगात गाजलेला, म्हणून नात बापाला द्यावी. शिवाय तुम्ही म्हणता की माझी पोर दारातल्या पायऱ्यांवरून पडली, आणि मी येऊन विनाकारण तुमचं डोकं फोडलं. अहो, तुमच्या दाराला पायऱ्या तीन! तीन पायऱ्यांवरून पडून जबडा दोन जागी मोडायचा म्हणजे माणसाने किती मन लावून पडायला हवं!

मागणं एकच आहे. भिंगरीवरचा दावा मागे घ्या. ती चार वर्षांची आहे. तुम्ही दारात दिसलात की पलंगाखाली जाते हे तुम्हालाही ठाऊक आहे.

सासू


२६ मार्च

जावईबापू,

पत्र मिळालं. म्हणजे माझंच पत्र मला मिळालं. पाकीट उघडते तर काय, माझं अक्षर आणि त्यावर तुमचं लाल पेन!

‘मूठभर’ वर काट. ‘आजवर एकूण दोन अणू बनले. कुठल्याही तराजूवर येणार नाहीत. जड म्हणजे गाभ्यात प्रोटॉन जास्त.’ ‘पापणी लवेपर्यंत’ वर काट. ‘पापणी फार हळू. तेवढ्यात तो शंभरदा मेला असता.’ ‘कॅल्शिअम’ खाली रेघ. ‘साधं नव्हे. दुर्मीळ, जड प्रकारचं.’ आणि शेवटी गोल करून गुण, दहापैकी दोन.

दोन कशाचे दिलेत तेवढं कळलं नाही. टायचं कौतुक केलं त्याचे का?

पण पायऱ्या, जबडा, बत्ता, भिंगरी, त्या ओळी मात्र कोऱ्या करकरीत. लाल ठिपकासुद्धा नाही. माझी पोर पत्र बघून पाटीवर लिहिते, ‘ते असेच आहेत. माझी वाणसामानाची यादीही तपासायचे.’ लग्नाला सहा वर्षं झाली, मला आज कळतंय. मी आपली समजत होते, जावई शांत आहे, मान खाली घालून वाचत बसतो.

आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांची आठवण झाली. वर्गात कोण जागं आहे ते बघायला मास्तर फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित मांडायचे. मी तर कधी जागी नसायची. पण पहिल्या बाकावरचा एक शहाणा होता. मास्तरांनी खडू ठेवायच्या आत तो ताडकन उभा. एकदा त्याच्या पायाला विंचू डसला होता, तरी आधी गणित सुधारलं आणि मग बोंब मारली.

तुमचे सासरे असते तर त्यांना दहापैकी किती दिले असते तुम्ही? ज्या चाकावर तुमचे कण आपटतात ते चाक यांच्या हातचं. पातळ पत्र्याच्या पाकळ्या, त्यावर तो महागाचा धातू, साईसारखा पातळ लावलेला. मला म्हणायचे, ‘चाक थांबलं की खेळ संपला. मारा एकाच जागी बसला तर पाकळी जळून भोक पडतं. फिरत राहिलं तर टिकतं.’ म्हणून तर नातीचं नाव भिंगरी ठेवलं, दिवसभर गरगर फिरायची. तुमच्या घरी फिरायला जागा नव्हती हो. एका बाजूला भिंत, एका बाजूला तुम्ही.

हल्ली ती एका जागी बसते. बाहुलीच्या तोंडाला दोरा गुंडाळते. काढू देत नाही.

दावा मागे घ्या.

सासू


१४ एप्रिल

जावईबापू,

याही खेपेला दोनच गुण. चाकाच्या वेगावरून कापले ना? बरं.

‘पाकळी जळते’ वर तुम्ही लिहिलंय, ‘जळत नाही, वितळते.’ तुमच्या सासऱ्यांच्या दंडावर त्याचा डाग होता, तो वितळल्याचा होता तर. जळाल्यासारखा दुखायचा एवढंच.

आज कोर्टात जाऊन आले. तुम्ही पाहिलंतच, मी तुम्हाला हात केला, तुम्ही मान फिरवलीत. लाजता फार.

तुमच्या शेजाऱ्यांची साक्ष ऐकली. समोरची पंपवाली, जिचा नवरा तुमच्या हाताखाली पंप सांभाळतो, ती म्हणाली, ‘मशीनची घरघर चालू होती साहेब, काही ऐकू आलं नाही.’ वरच्या मजल्यावरचे वायरमनही तेच म्हणाले. त्यांच्या बायकोने तर माझ्याकडे बघितलंही नाही. मी कुणाला दोष देत नाही. पगार तुमच्या सहीने होतो. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

पण आपण दोघं तरी खरं बोलू. प्रयोगशाळेच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे, मशीनचे ते पंखे आणि पंप बारा महिने घरघरतात. आम्ही बायका एकमेकींशी ओरडून बोलतो, परगावी गेलो की लोकांना वाटतं भांडतोय. त्या घरघरीखाली तुमच्या घरात सहा वर्षं काय चाललं ते कुणाला ऐकू आलं नाही, हेही मान्य. पण त्या दुपारी घरघर थांबली होती, जावईबापू.

तुमचाच नियम. तो धातू आला अशी खूण पडली की सगळं बंद करायचं, पंखेसुद्धा. कारण तो स्वतः कुणाला दिसत नाही. तो मरतो, त्याचा पोरगा उरतो, पोरगा मरतो, नातू उरतो, आणि शेवटी घराणंच मधोमध फुटतं. ती फुटाफूट मोजायची तर आजूबाजूला गडबड नको. हे सगळं यांनी मला जेवताना सांगितलेलं. आठ महिने तुम्ही मारा करत होतात, काही येत नव्हतं, आणि त्याचा राग घरी उतरत होता. आणि नेमका त्या दुपारी, तुम्ही घरी असताना, तो आला. तिकडे तुमच्या हाताखालच्या पोरांनी बटणं बंद केली.

कॉलनी गप्प झाली. इतकी, की तारेवरचे कपडे फडफडलेले ऐकू आले. मी मागच्या गल्लीत माझ्या दारात मिरी कुटत होते. आणि मग तो आवाज. ओलं गोणपाट दगडावर आपटावं तसा. परत एकदा. मग पोरीचा नाही, भिंगरीचा. अशी किंचाळली की पंपवालीच्या हातातली बादली सांडली. मी पाहिलं ना, पाणी वाहत गल्लीत आलं होतं. त्यातूनच मी पळाले, हातात बत्ता तसाच.

पुढचं तुमच्या कपाळावर लिहिलंय.

आमच्या वकीलबाई म्हणतात, डॉक्टरांचा कागद ‘पडून किंवा मारून’ असं दोन्ही सांगतो. पोरीच्या शब्दासमोर तुमचा शब्द. एकाने सांगितलं म्हणजे झालं नाही, दुसराही लागतो. मी म्हटलं, अगं बाई, हे तर जावयाच्या धातूसारखंच झालं! दुसऱ्या देशातल्या लोकांनीही तो बनवून दाखवल्याशिवाय त्याला नाव मिळत नाही म्हणे. तोवर नुसता आकडा. म्हणजे तुम्हीही साक्षीदार शोधताय, आम्हीही शोधतोय.

पुढची तारीख मेअखेर. त्या दिवशी भिंगरीचं ठरेल.

सासू


२ मे

जावईबापू,

आता लपवाछपवी नको. मी कोर्टात उभी राहून काय बोलणार ते तुम्हाला आधीच कळवते. मागाहून म्हणू नका, म्हातारीने पाठीत वार केला. माझी साक्ष ही अशी.

‘जावयाने आजवर नव्या धातूचे तीन अणू केले. तो धातू फुटत फुटत शेवटी सोनं होतो, म्हणून त्याला एवढा मान.

‘त्या दुपारी भिंगरी बालवाडीत होती. घरात नवरा-बायको दोघंच. यंदाही काही सापडलं नाही, असं बायको टोचून बोलली. जावयाने रागाने लोखंडी पाना उचलला आणि बायकोच्या तोंडावर नेम धरून, उजव्या हाताने मारला. दारात, पायऱ्यांपाशी. नेम धड बसला नाही म्हणून जबड्यावर निभावलं. हाताला थरथर होती. तो मोठा शास्त्रज्ञ असला तरी त्याला हत्यार धरायची अक्कल नाही, सगळं काम पोरं करतात, हा नुसता सह्या करतो.’

कसं वाटतं? पोरीला वाचून दाखवलं तर तिने पाटी घेतली, काहीतरी लिहिलं आणि लगेच पुसलं. मी विचारलं, काय गं? तर मान हलवली आणि उशीत तोंड घालून पडून राहिली. खांदे हलत होते. रडत होती की काय, तारांमुळे हल्ली कळत नाही.

मला भीती एवढीच, की जजसाहेबांसमोर माझी बोबडी वळेल. म्हणून पाठ करते रोज.

सासू


१९ जून

जावईबापू,

पत्ता बदललात म्हणे. हे तिथे पोचेल ना? पत्र आधी उघडून बघतात असं ऐकलं. बघणाऱ्या दादांनाही माझा नमस्कार.

तुमची दुरुस्ती मेच्या दुसऱ्या आठवड्यातच आली होती. उत्तर दिलं नाही, माफी असावी. ती लगेच वकीलबाईंकडे पोचवायची घाई होती. माझी म्हातारीची साक्ष, आणि तिच्यावर तुमचं लाल पेन, इतकं भरभरून की कागद लाजला असता.

‘तीन’ वर काट, ‘दोन’. ‘सोनं’ वर काट, ‘मूर्खपणा’.

मग खाली. ‘लोखंडी पाना’ वर काट, ‘तांब्याचा ठोकळा. कणांचा बीम थांबवायचा.’

‘उजव्या’ वर काट, ‘डाव्या. मी डावखुरा आहे.’

‘पायऱ्यांपाशी’ वर काट, ‘ओट्यापाशी.’

‘थरथर’ खाली दोन रेघा, ‘अजिबात नाही.’

‘बालवाडीत होती’ वर काट, ‘घरात होती. ठोकळ्यावर खिळ्याने मांजर कोरलं होतं.’

आणि ‘बायकोच्या तोंडावर नेम धरून’ यावर तर दोनदा काट. समासात बारीक अक्षरात, जागा पुरेना म्हणून आडवं वळवून लिहिलंत, ‘बायको लक्ष्य नव्हतीच. लक्ष्य मूल होतं. ती मध्ये आली.’

गुण दहापैकी शून्य.

जावईबापू, हे मला माहीत नव्हतं हो. ठोकळा, ओटा, डावा हात, हे मला पोरीने सांगितलं होतं, म्हणून तर मी ते उलटं लिहिलं. पण ठोकळा भिंगरीसाठी उचलला होता हे तिने आम्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. पाटीवर लिहून पुसलं होतं ते तेच. पोरीच्या जबड्यावर जे बसलं, ते चार वर्षांच्या डोक्यावर बसणार होतं. ती ओळ वाचली आणि मी पहिल्यांदा घाबरले. माझा तोवर सगळा खेळच चालला होता. त्या दिवशी मी बत्ता हातात घेऊन स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. बरं झालं तुम्ही जवळ नव्हतात, टाक्यांवर निभावलं नसतं.

तुमच्या वकिलांनी तुम्हाला बजावलं असणार, सासूला एक ओळ लिहायची नाही. तुम्ही ऐकलंत. ओळ लिहिली नाहीत, फक्त तपासलीत.

कोर्टात काय झालं ते तुम्ही पाहिलं, पण तुमची मान खाली होती, म्हणून सांगते. साहेबांनी तो कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. विचारलं, अक्षर कुणाचं? तुमचे वकील उठून म्हणाले, तपासावं लागेल. साहेब कारकुनाला सांगायला लागले, ‘लिहा, तांब्याचा ठोकळा...’ आणि तुम्ही उभे राहिलात. वकिलांनी कोट ओढला तरी उभे राहिलात, विंचू डसलेल्या त्या शहाण्यासारखे, आणि म्हणालात, ‘साधं तांबं नाही. ऑक्सिजनमुक्त तांबं.’

कारकुनाचा हात थांबला. साहेब म्हणाले, ‘तेही लिहा.’

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच रडायला लागलं. ती पंपवाली. उठली आणि म्हणाली, ‘साहेब, मशीन बंद होतं. सगळं ऐकू आलं होतं. आम्हा सगळ्यांना.’ तिच्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तोही उभा राहिला.

दुसरा साक्षीदार मिळत नव्हता ना आम्हाला? तिसराही मिळाला, चौथाही मिळाला. पण दुसरे तुम्हीच.

भिंगरी आमच्याकडेच राहणार. हे साहेबांनी तुमच्यासमोरच सांगितलं, तरी मला लिहायला बरं वाटतं. तुमच्या धातूला अजून नाव मिळालं नाही, असं पेपरात वाचलं. दुसऱ्यांना तो बनवता आलेला नाही. तुमच्या जागी आता तो दाढीवाला बसतो, ज्याने त्या दुपारी बटण बंद केलं. मशीन परत चालू झालंय, परत घरघर. पण पंपवाली आता येताजाता आमच्या दारात थांबते, कान देते, मग पुढे जाते.

पोरीच्या तारा गेल्या आठवड्यात काढल्या. तोंड डावीकडे जरा ओढलेलं राहील, डॉक्टर म्हणाले. पाणी प्यायली तर हनुवटीवरून ओघळतं. तिने आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मी माझी जुनी सगळी पत्रं तिला वाचून दाखवली, तुमच्या गुणांसकट, आणि कोर्टातलंही सांगितलं. ‘ऑक्सिजनमुक्त’ पर्यंत आले तर पोटाला हात लावून वाकली. आवाज दाराच्या कडीसारखा गंजलेला. इतक्या महिन्यांनंतर तोंडाने बोललेलं पहिलं वाक्य: ‘आई, हसवू नकोस गं, दुखतं.’

भिंगरी पलंगाखालून बाहेर आली. आईच्या तोंडाकडे बघितलं. मग बाहुलीच्या तोंडाचा दोरा काढला, दाताने तोडून.

बस्स. आता मी लिहिणार नाही. तुम्हीही काही पाठवू नका. पण तुम्हाला तिथे दिवस जड जातील, आणि जडपणाचं तुम्हाला सगळं कळतं, म्हणून जाताना एक देऊन जाते. या पत्रात मी एक चूक मुद्दाम ठेवलीय. शोधा. सापडली तरी कळवू नका, नाही सापडली तरी कळवू नका. लाल पेन तिथे देतात की नाही, मला ठाऊक नाही.

सासू